डबा रिकामाच आणा

आमच्या गल्लीत नानकटाईचा वास सुटला की बायका दारात येऊन आधी विचारत, "कोणाकडं काय झालं?"

दुसरीकडे तूप-वेलचीचा वास आला की माणसांना सण आठवतो. तीर्थपुरीतल्या आमच्या गल्लीत मात्र लोक मनातल्या मनात आजारी माणसांची यादी घोकायला लागत. कारण हा वास एकाच घरातून यायचा, कमल सिस्टरच्या, आणि सिस्टर सणासुदीला कधी शेगडी पेटवत नसत. दिवाळीला त्यांच्याकडे विकतचा चिवडा मिळायचा. नानकटाई व्हायची ती कुणाचं हाड मोडलं, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाची दुभती म्हैस गेली, कुणाचा माणूस गेला, की. मी बदली होऊन तिथं राहायला गेलो त्या पहिल्याच आठवड्यात वास आला. मी खूश होऊन बायकोला, सुनीताला, म्हणालो की शेजार खाऊनपिऊन सुखी दिसतोय. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून काशीकाकूंनी सांगितलं की शिंप्याच्या घरी म्हातारा गेला, सर, तुम्हीही जाऊन या. मी मुकाट्याने चपला घातल्या.

सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. मी गेलो तेव्हा निवृत्त होऊन त्यांना दोन-तीन वर्षं झाली असतील, पण गावाने त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. अंगाने लहानखुऱ्या, चाल भरभर, आणि आवाज लसीच्या रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असा. निम्म्या गावाला त्यांनी सुया टोचल्या होत्या आणि त्या सुयांवरूनच त्या माणसं लक्षात ठेवत. एकदा सरपंच चार माणसांत पाण्याच्या टाकीवर ऐटीत बोलत होते. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ह्याला गोवरची सुई दिली तवा माझी कोरी साडी भिजवली होती यानं. तवापासून पाण्याचं काम ह्याच्याचकडं हाय." सरपंचही हसले. न हसून करतात काय.

कुणी नमस्कार केला की सिस्टर त्याचा हात हातात घेत आणि बोलता बोलता नाडी बघत. ही जित्याची खोड. माझी तर रोज बघत आणि रोज सांगत, "चालून राह्यली बराबर." नानकटाईही त्या गोळ्यांसारखी लिहून दिल्यागत देत. दोन आत्ता, दोन संध्याकाळी चहासोबत. रिकाम्या पोटी चालतंय. शुगरवाल्याला अर्धी, ती पण सिस्टरसमोर. उपदेश मात्र एका शब्दाचा नसे. दुःखाच्या घरी लोक जे बोलतात, देवाची मर्जी, धीर धरा, पोराबाळांकडं बघा, त्यातलं एकही वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. डबा उघडायचा, हातात एक ठेवायची आणि समोरचा चावेपर्यंत बसून राहायचं. त्यांचं म्हणणं असं की दुःखात माणसाला ताट वाढलं की तो तोंड फिरवतो, पण हातात दिलेली वस्तू आपोआप तोंडाकडे जाते.

हे त्यांना कुणी शिकवलं तेही त्यांनी एकदा सांगितलं. नवरा अपघातात गेला तेव्हा त्या जालन्याला होत्या, मुलगा मिलिंद अंगावर पीत होता. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. शेजारच्या बोळातल्या बेकरीवाल्या चाचांनी भट्टीतून नुकतीच काढलेली एक नानकटाई आणून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "खाना मत खा, बेटी. ये बस मुँह में रख ले." तोंडात ठेवली आणि ती विरघळली, बाकी काही करावंच लागलं नाही. पुढे वर्षभर ड्यूटी संपली की त्या चाचांच्या भट्टीशी जाऊन बसायच्या. हात थंड ठेवायचा आणि आग धीराची ठेवायची, एवढं चाचांकडून त्यांनी उचललं. ज्वारीचं पीठ मात्र त्यांचं स्वतःचं. निम्मा मैदा, निम्मं ज्वारीचं पीठ. त्यामुळे त्यांची नानकटाई दाताखाली जरा रवाळ लागे आणि मग एकदम सुटे.

ओव्हन त्यांच्याकडे नव्हता. मिलिंदने पुण्याहून एक आणून दिला होता, त्यात त्या कपडे शिवायची कात्री आणि दोरे ठेवत. नानकटाई व्हायची जाड बुडाच्या पातेल्यात. खाली शेगडी, पातेल्यात गोदावरीची चाळून धुतलेली वाळू, वाळूवर जाळी, जाळीवर ताटली आणि झाकणावर निखारे. मी विज्ञान-गणिताचा मास्तर, त्यामुळे उष्णतेच्या वहनावर मी त्यांना दोन शब्द सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की बरं झालं सांगितलं, आता फुंका.

आता डब्याचं सांगतो. डबा एकच. स्टीलचा, झाकणावर 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' असं कोरलेला. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. दुसरं काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. सिस्टरचा नियम नेमका उलटा. डबा देतानाच ठणकावून सांगायचं, "डबा रिकामाच आणा." कारण विचारलं तर म्हणायच्या की लोक काहीतरी भरून द्यायच्या नादात डबा महिनाभर ठेवून घेतात, तोवर दुसरीकडं कोणी मरून जातं. सुनीताला हे काही पटेना. तिने पहिल्याच वेळी डब्यात चार शेंगदाण्याचे लाडू घातले. सिस्टरनी दारातच झाकण उघडलं, लाडू काढून तिच्या ओच्यात ठेवले आणि रिकामा डबा घेऊन गेल्या. सुनीताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या हातचं चालत नाही की काय, असं ती आठवडाभर भांडी आपटत मला विचारत होती.

आमच्या घरी तो डबा पहिल्यांदा आला त्याची हकिगत सांगायला आता लाज वाटत नाही. माझी मुलगी पल्लवी दहावीत गणितात नापास झाली. गावभर गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या मास्तरची मुलगी, गणितात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी दार लावून घेतलं होतं आणि आवाज चढवायच्या बेतात होतो. तेवढ्यात वास आला. काशीकाकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि गल्लीतून तीन-चार आवाजांत उत्तर आलं की सरांकडं. पाऊण तासाने सिस्टर आत आल्या. एक नानकटाई पल्लवीच्या हातात ठेवली, एक माझ्या आणि म्हणाल्या, "सर, हे घ्या. मंग रागवा." तोंडात नानकटाई असताना ओरडता येत नाही हे तुम्ही करून बघा. गिळेपर्यंत राग बराच खाली आला होता.

पुढचे तीन-चार महिने पल्लवी त्यांच्याकडे तूप फेटायला गेली. सिस्टर फेटता फेटता तिला विचारायच्या की पाच माणसांच्या घराला एवढं पीठ लागतं, तर आठ माणसांच्या घराला किती, आणि त्यातली दोन शुगरवाली असली तर किती. ऑक्टोबरच्या परीक्षेत पोरगी गणितात चांगल्या मार्कांनी पास झाली. मी शेजारपाजारच्यांना सांगितलं की शेवटी रक्तातच आहे. सुनीता म्हणाली, तुपात आहे.

काशीकाकूंचा उल्लेख दोन-तीनदा आला, तर त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. ऐंशीच्या घरातल्या, खात्यापित्या शेतकरी घरातल्या, आणि फार जुन्या वळणाच्या. सिस्टर बौद्ध. त्यामुळे सिस्टरच्या हातची सुई काकूंना चालायची, सलाईन चालायचं, बाळंतपणात सुनेचा जीव सिस्टरनी वाचवला तेही चालायचं, पण सिस्टरच्या हातचं खाणं चालत नसे. काकूंचे यजमान गेले तेव्हा डबा त्यांच्याही घरी आला. काकूंनी तो फळीवर ठेवला, नातवंडांनी संपवला, आणि नियमाप्रमाणे रिकामा परत गेला. सिस्टरनी तो नेहमीसारखा घेऊन ठेवला. मला मात्र राग येई. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या की काकूंच्या पोटात काय जातं ते दवाखान्याचं काम, मनात काय हाय ते काकूंचं.

मग लॉकडाऊन आला. काकू तेव्हा पुण्याला लेकाकडे गेल्या होत्या, त्या कशाबशा गावी पोचल्या आणि नियमाप्रमाणे त्यांना चौदा दिवस आमच्या शाळेत ठेवलं. माझी ड्यूटी तिथंच होती. सातवीच्या वर्गात एक खाट, एक माठ आणि काकू. जेवण पंचायतीकडून यायचं, पण काकू त्याला हात लावत नसत. बाई घाबरली होती. इथंच मेले तर कोणी हात लावायला येणार नाही, असं खिडकीतून दिसेल त्याला सांगत होती. तीन दिवस चहावर काढले. चौथ्या दिवशी दुपारी सिस्टर तोंडाला दोन-दोन मास्क बांधून आल्या, हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला डबा. तो त्यांनी खिडकीतून अलगद आत बाकावर ठेवला.

"काकू," त्या म्हणाल्या, "खायचं का न्हाई ते तुमी बघा. मी पाठ करून उभी राह्यते."

आणि खरंच पाठ करून उभ्या राहिल्या. मलाही खुणेने फिरायला लावलं. आम्ही दोघं शाळेच्या मैदानातल्या कडुलिंबाकडे बघत शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे. बराच वेळ काही नाही. मग झाकणाचा आवाज आला. मग पुन्हा बराच वेळ गेला आणि आतून काकूंचा आवाज आला, "सिस्टर, साखर जरा कमी टाकत जा."

सिस्टर झपाझप फाटकाकडे निघाल्या. फाटकाबाहेर गेल्यावर मात्र त्या बांबूला धरून इतक्या हसल्या की मास्क खाली घसरला. पुढे कित्येक दिवस मध्येच आठवून हसायच्या. काकू त्यानंतर डब्यातली नानकटाई सगळ्यांसमोर खायला लागल्या आणि दर वेळी एक खोड काढू लागल्या. वेलची जास्त झाली, तूप कमी पडलं. डबा मात्र रिकामाच परत जात राहिला, कारण नियम नियम होता.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, पापडांच्या दिवसांत, सिस्टर स्वतःच्याच न्हाणीत घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. मिलिंद पुण्याहून आला. भला माणूस, कंपनीत चांगल्या जागेवर, आईवर जीव. त्याने ठरवूनच टाकलं की प्लास्टर निघेपर्यंत इथं राहायचं आणि मग घराला कुलूप लावून आईला कायमचं पुण्याला न्यायचं. आणि सिस्टर चक्क हो म्हणाल्या. हे आम्हाला हात मोडण्यापेक्षा अवघड गेलं. सुनीताने दोनदा भाजी-भाकरी पाठवली, दोन्हीदा मिलिंदने आईच्या सांगण्यावरून हात जोडून परत केली. इतर बायकांनाही तसंच. त्या महिन्यात गल्लीत दोन वाईट बातम्या आल्या आणि वास काही आला नाही. माणसं दारात येऊन उगाच उभी राहत आणि आत जात.

मी भेटायला गेलो तेव्हा सिस्टर खिडकीशी बसल्या होत्या. सवयीने डाव्या हाताने माझी नाडी बघितली. मी म्हटलं की तुम्ही जाऊ नका. त्या म्हणाल्या की इथं मला कोण करणार. मी जरा तापलोच. म्हटलं, करायला आलेल्या बायकांना तुम्हीच परत पाठवता, डबासुद्धा भरून घेत नाही, मग माणसांनी करायचं काय.

त्यांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "सर, मी रिकामा मागते म्हणून सगळ्यांकडून रिकामा येतो. मागितला नसता तर काही घरातून भरून आला असता, काही घरातून न्हाई. मंग कोणतं घर कसं हाय ते मला कळलं असतं. मला ते कळून घ्यायचंच नव्हतं. ह्याच लोकांत राह्यचं होतं ना." आणि पुढे, "आता इतक्या वर्षांनी कोण काय आणतंय ते बघायचा धीर होत न्हाई. त्यापरीस जाते."

दहा वर्षं मी त्या नियमाची थट्टा केली होती. त्या दिवशी घरी येताना मला माझीच लाज वाटली. सुनीताला सांगितलं तेव्हा तिने डोळ्याला पदर लावला, पण तो लगेच कमरेला खोचला आणि विचारलं, "डबा कुठं हाय आता?"

डबा काशीकाकूंकडे होता. सिस्टर पडायच्या आधी दोन दिवस काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यासाठी तो तिकडे गेला होता. सुनीता तो आणायला गेली. काळा चष्मा लावून बसलेल्या काकूंनी सगळं ऐकलं आणि डबा द्यायला साफ नकार दिला. त्या म्हणाल्या, "डबा माझ्याकडं आल्ता. मीच देणार. भरून देणार. आन करायचं माझ्या चुलीवर."

मग काकूंच्या स्वयंपाकघरात जो धिंगाणा झाला तो मी ओट्यावरून ऐकला, कारण मला आत मज्जाव होता. पल्लवी सुट्टीला घरी आली होती, प्रमाण फक्त तिलाच ठाऊक. तिने तूप फेटलं, ज्वारीचं पीठ चाळलं आणि चिमूटभर खायचा सोडा मागितला. सुनीता आमच्या घरून आणायला निघाली, तर काकूंना अपमान वाटला. माझ्या घरातून जिनसा सरल्या काय, म्हणत त्यांनी काळ्या चष्म्यासकट फळीवर हात घातला आणि एक पुडी काढून दिली. नानकटाई झाली. रंग जरा पिवळा आला, पण वास बरा होता. पल्लवीने एक चाखायला उचलली, तर काकूंनी तिच्या हातावर चापटी मारली.

"आधी कमलला. निवद कोणी उष्टा करतं का?"

कमल. इतक्या वर्षांत काकूंनी सिस्टरना पहिल्यांदा नावाने हाक मारली होती, आणि तीही त्या समोर नसताना.

आम्ही सगळे निघालो. पुढे काकू, सुनेचा हात धरून, डबा पोटाशी. मिलिंदने दार उघडलं आणि तो काही बोलायच्या आत काकू आत गेल्या. सिस्टरनी डबा बघितला. नुसत्या धरण्यावरून त्यांना कळलं असावं की तो जड आहे. काकूंनी झाकण काढलं, एक नानकटाई त्यांच्या डाव्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मी केलंय. खाय. मी पाठ करून उभी राह्यते." आणि ऐंशी वर्षांची ती बाई खरोखर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सिस्टरनी चावा घेतला. दोनदा चावलं. त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी शाळेच्या प्रयोगशाळेत साबणाचं पाणी तोंडात गेलेल्या पोराचा बघितला होता. त्यांनी ते गिळलं, तरी दुसरा घास घेतला आणि तोही गिळला. ती नानकटाई पूर्ण संपवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसरा पिठुळ.

"काकू," त्या म्हणाल्या, "साखर बराबर हाय. पण सोड्याच्या जागी पापडखार टाकलाय तुमी."

काकू भिंतीकडे बघतच म्हणाल्या की मला काय दिसतंय, डोळा कापलाय माझा. मग जे हसू फुटलं ते सिस्टरना आवरेना, काकूंना आवरेना, पल्लवी तर जमिनीवर बसली. मी एक तोंडात टाकून बघितली. विज्ञानाच्या दृष्टीने तो कपडे धुवायचा पदार्थ होता. सिस्टरनी डबा मांडीवर ओढून घेतला आणि हसता हसताच मिलिंदकडे वळून म्हणाल्या की बाबा, मी न्हाई येत, ह्यांना असंच सोडून गेले तर सगळी गल्ली दवाखान्यात जाईल. मिलिंदने आईकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि एक नानकटाई उचलून खाल्ली. तोंड वाकडं न करता. चांगल्या घरचा मुलगा.

प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडंच बसलं, त्यामुळे नानकटाईवर बोट दाबून त्या जी खळी पाडत ती आता एका बाजूला पडते. तूप फेटायला मात्र गल्लीतल्या बायका जातात, पाळ्या लावून. काकू शेजारी बसून देखरेख करतात. पापडखाराची पुडी त्यांनी स्वतःहून सुनेच्या ताब्यात दिली आहे.

या जूनमध्ये माझी वाटूरला बदली झाली. टेम्पोत सामान भरत होतो, सकाळची वेळ, आणि वास सुटला. काशीकाकू ओट्यावर आल्या, सवयीने विचारलं, "कोणाकडं काय झालं?" मग त्यांना टेम्पो दिसला आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने सिस्टर डबा घेऊन आल्या. दोन गाडीत, दोन तिथं पोचल्यावर, पाणी भरायच्या आधी. माझी नाडी बघितली, या खेपेला बराच वेळ, आणि काही सांगितलं नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की तीर्थपुरीला येणारं कुणी भेटलं की डबा रिकामा करून लगेच पाठवतो.

"रिकामा आणू नका, सर," त्या म्हणाल्या. "आन सोता आणा."

टेम्पो वळला तेव्हा मी मागे बघितलं. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, तो वाकडा उजवा हात वर केलेला, आणि काकू ओट्यावरून त्यांना ओरडत होत्या की उन्हात काय उभी राह्यलीस, आत ये.

डबा आता आमच्या फळीवर आहे. येत्या रविवारी न्यायचा ठरवलाय. त्यात काय भरायचं यावर सुनीता आठवडाभर लाडू आणि करंज्यांमध्ये अडकली होती. शेवटी मीच म्हटलं, नानकटाई करू, आणि पल्लवीला फोन करून प्रमाण विचारलं. ती घाबरून म्हणाली, "बाबा, कोणाकडं काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही झालं. असंच.